बर्फाळ समुद्राचा कथेकरी

मंडळी, कीर्तनाला बसलेला माणूस मध्यरात्र झाली तरी उठून घरी का जात नाही, याचा कधी विचार केला आहे का? पहाटे धार काढायची असते, मोटेवर जायचे असते, तरी पाय निघत नाही. बुवांचे आख्यान ऐन रंगात आलेले असते. राजपुत्र विहिरीच्या काठावर उभा आहे, मागून वैरी येतो आहे, आणि नेमके तिथेच बुवा थांबतात, उपरणे सावरतात आणि टाळकऱ्यांना खूण करून अभंग सुरू करतात. ऐकणारा मनात म्हणतो, 'अहो, पण पुढं काय झालं?' या एका प्रश्नावर जगातले सगळे कथेकरी आजवर जगत आले आहेत. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड कंदिलाच्या उजेडात वाचणारी एक पिढी होऊन गेली. तिलाही हाच प्रश्न जागवत असे.

आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे ते असेच एक कथेकरी, स्कॉटलंडचे अ‍ॅलिस्टर मॅक्लीन. त्यांनी अठ्ठावीसच्या आसपास साहसकथा लिहिल्या, त्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या, त्यांवर मोठमोठे चित्रपट निघाले, आणि मराठीतही त्यांच्या कादंबऱ्यांचे अनुवाद झाले. पण त्यांची स्वतःची कहाणी त्यांच्या कोणत्याही कादंबरीइतकीच विचार करायला लावणारी आहे. शिवाय ती एका मास्तराची कहाणी आहे, म्हणून आमच्या शिक्षक बंधुभगिनींनी ती जरूर वाचावी.

अ‍ॅलिस्टरचा जन्म १९२२ च्या एप्रिल महिन्यात ग्लासगो शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. चार भावांत हा तिसरा. बालपण मात्र शहरात गेले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस इनव्हर्नेस नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या डेव्हिअट या खेड्यात, डोंगराळ मुलखात, मुले वाढली. घरात भाषा होती ती गेलिक. ही स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखाची जुनी भाषा. इंग्रजीशी तिचे साम्य फार थोडे. इंग्रजी हा मुलगा नंतर शिकला, दुसरी भाषा म्हणून.

इथे क्षणभर थांबू. आपल्याही शाळांत असे होते ना? घरी मूल अहिराणी बोलते, मालवणी बोलते, गोंडी बोलते, आणि शाळेत पुस्तकाची मराठी समोर आली की गप्प होते. आपण चटकन म्हणतो, 'याला काही येत नाही.' डेव्हिअटचा हा मुलगाही घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी भाषा घेऊन वाढला, आणि पुढे त्याच दुसऱ्या भाषेत त्याने लिहिलेली पुस्तके साऱ्या जगाने वाचली. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाच्या मनात काय साठले आहे, हे सांगता येत नाही.

मुले शाळकरी वयात असतानाच वडील वारले. आईने संसार सावरला. अ‍ॅलिस्टर मोठा होतो न होतो तोच दुसरे महायुद्ध पेटले. १९४१ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, तो नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला. अधिकारी नव्हे, बरं का, साधा खलाशी. पुढे त्याच्याकडे टॉर्पेडोच्या यंत्रणेचे काम आले. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून जहाजावर सोडतात तो पाणतीर. १९४३ पासून तो 'रॉयलिस्ट' नावाच्या क्रूझरवर, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेवर होता.

आता शाळेतला जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर नॉर्वे देश दिसतो. १९४० पासून त्याचा किनारा जर्मनांच्या ताब्यात होता. त्याच्या माथ्यावरून वळसा घालून पूर्वेकडे गेले की रशियाचे मुर्मान्स्क बंदर लागते. हे बंदर ध्रुवाच्या इतके जवळ असूनही समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यात पूर्ण गोठत नाही. जर्मन फौजा रशियात घुसल्या होत्या आणि रशियाला रणगाडे, विमाने, दारूगोळा, अन्न यांची नड होती. तो माल इंग्लंड आणि अमेरिकेतून या वाटेने जाई. एकटेदुकटे जहाज गेले तर बुडालेच म्हणून समजा. म्हणून मालवाहू जहाजांचे तांडे करीत आणि त्यांच्या भोवती युद्धनौकांचे कडे ठेवीत. बंजाऱ्यांचा तांडा रानातून जाताना राखणदार बाजूने चालत, तसेच म्हणा ना.

ऑगस्ट १९४१ पासून मे १९४५ पर्यंत असे ७८ तांडे या वाटेने गेले-आले. पाण्यात पाणबुड्या, वर विमाने, नॉर्वेच्या खाड्यांत दबा धरून बसलेल्या जर्मन युद्धनौका, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा वैरी म्हणजे थंडी. लाटेचे तुषार जहाजावर पडता पडता गोठत. बर्फाचा थर इतका चढे की जहाज वरच्या बाजूला जड होऊन उलटण्याची भीती. मग खलाशांनी कुऱ्हाडी घेऊन बर्फ फोडत बसायचे. उघड्या हाताने लोखंडाला शिवले की कातडी तिथेच चिकटून राही. पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत गारठून मरे. हिवाळ्यात दिवसरात्र काळोख, म्हणजे शेजारचे जहाज दिसत नाही. उन्हाळ्यात दिवसरात्र उजेड, म्हणजे शत्रूपासून लपता येत नाही. जुलै १९४२ मध्ये 'पी. क्यू. १७' नावाच्या तांड्याला वाटेतच पांगण्याचा हुकूम झाला आणि राखण निघून गेली. निघालेल्या ३५ मालवाहू जहाजांपैकी २४ बुडाली.

मॅक्लीन त्या तांड्यात नव्हते. 'रॉयलिस्ट'वर ते आले ते त्यानंतर. पण या वाटेवरचे दोन प्रवास त्यांनी स्वतः केले. एप्रिल १९४४ मध्ये 'टिर्पिट्झ' या अवाढव्य जर्मन युद्धनौकेवर नॉर्वेच्या खाडीत विमानांनी हल्ला केला, त्या मोहिमेतही त्यांचे जहाज होते. तिथून जहाज भूमध्य समुद्रात गेले, ग्रीसच्या बेटांजवळ लढले. १९४५ मध्ये ते पूर्वेकडे, आपल्या बाजूला आले. मे १९४५ मध्ये रंगूनच्या किनाऱ्यावर २६ व्या हिंदी डिव्हिजनचे जवान उतरले, तेव्हा समुद्रावरून त्यांना पाठबळ देणाऱ्या नौकांत 'रॉयलिस्ट' होती. जपानने शरणागती पत्करल्यावर सिंगापूरच्या चांगी तुरुंगातून सुटलेल्या युद्धकैद्यांना हलवण्याचे कामही या जहाजाने केले. त्या माणसांची हाडाची काडे झालेली शरीरे या तरुण खलाशाने जवळून पाहिली.

१९४६ साली युद्धातून सुटका झाली. घरी आल्यावर पुढे काय? त्यांनी ग्लासगोच्या विद्यापीठात नाव घातले. शिकता शिकता टपालखात्यात काम केले, रस्ते झाडले. १९५० साली पदवी घेतली, काही दिवस इस्पितळात हमालीही केली. मग ग्लासगोजवळच्या रदरग्लेन गावच्या गॅलोफ्लॅट शाळेत ते मास्तर झाले. गिझेला नावाच्या जर्मन मुलीशी १९५३ मध्ये त्यांनी लग्न केले. ज्या देशाच्या तोफांखाली युद्धाचे दिवस काढले, त्याच देशाची लेक घरात आली! युद्ध राज्यांचे असते, माणसांना पुन्हा एकमेकांबरोबरच राहायचे असते.

मास्तरचा पगार तो केवढा? वरकमाई म्हणून ते लहान गोष्टी लिहीत आणि वर्तमानपत्रांना पाठवत. १९५४ साली 'ग्लासगो हेरल्ड' या पत्राने कथास्पर्धा ठेवली. पहिले बक्षीस १०० पौंड. मॅक्लीन यांच्या समुद्रावरच्या गोष्टीला ते मिळाले. गोष्टीचे नाव होते 'डिलीअस'. इंग्रजी पत्रातल्या इंग्रजी गोष्टीचे नाव गेलिक! त्याचा अर्थ 'इमानी'. आईच्या भाषेतला हा एक शब्द त्यांनी दारावर तोरण बांधावे तसा गोष्टीच्या माथ्यावर बांधला होता.

त्याच शहरात कॉलिन्स ही मोठी प्रकाशनसंस्था होती. तिथे काम करणारे इयन चॅपमन यांच्या पत्नीने ती गोष्ट वाचली आणि ती त्यांच्या मनाला फार लागली. चॅपमन पतिपत्नींनी या अनोळखी मास्तराला गाठले आणि म्हटले, 'तुम्ही कादंबरी लिहा.' मास्तर शाळा सांभाळून लिहायला बसले. त्यांची रीत मोठी मजेदार होती. कागदावर चौकटी आखायच्या. उभ्या रेघा पात्रांच्या, आडव्या रेघा प्रकरणांच्या. कोण कुठल्या प्रकरणात येणार, कुठे मरणार, हे आधी ठरवायचे. शाळेचे वेळापत्रक आखणाऱ्या माणसाला हे सुचणारच! आपला दर्यावर्दी भाऊ इयन याच्याकडून जहाजांबद्दलची बारीकसारीक माहिती त्यांनी घेतली, आणि तीन महिन्यांत हस्तलिखित तयार झाले. नाव 'एच. एम. एस. युलिसिस'. साल १९५५.

या कादंबरीत एक क्रूझर मुर्मान्स्कच्या तांड्याची राखण करायला निघते. तिच्यावरचे खलाशी इतके थकलेले आहेत की थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी बंड केले आहे. कप्तानाला क्षय झाला आहे, तो खोकताना रक्त ओकतो, पण जागा सोडत नाही. वादळ येते, पाणबुड्या येतात, विमाने येतात. एकेक जहाज, एकेक माणूस कमी होत जातो. इथे कुणी एकटा वीर शंभरांना लोळवत नाही. झोप नसलेली, ओले कपडे अंगावर गोठलेली साधी माणसे आपापले काम करीत राहतात आणि मरतात. काहींना हे पुस्तक खटकले. नौदलाचे खलाशी बंड करतात असे दाखवणे म्हणजे नौदलाचा अपमान, असे ते म्हणाले. पण वाचकांनी ते उचलून धरले. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे अडीच लाख प्रती खपल्या. मास्तरांनी पुढे नोकरी सोडली.

दुसरे पुस्तक १९५७ चे, 'द गन्स ऑफ नॅव्हारन'. एका बेटावर १,२०० इंग्रज सैनिक अडकले आहेत. त्यांना सोडवायला जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर नॅव्हारन बेटाच्या कड्यात दोन प्रचंड तोफा बसवल्या आहेत. विमानांनी त्या फुटत नाहीत. मग मूठभर माणसे रात्री, वादळात, सरळसोट कडा चढून आत शिरतात. सिंहगडाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मराठी माणसाला हा कडा परका वाटण्याचे कारण नाही. नॅव्हारन हे बेट नकाशावर सापडणार नाही, ते कल्पनेतले आहे. पण ग्रीसच्या बेटांजवळ 'रॉयलिस्ट'वर काढलेल्या दिवसांची शिदोरी त्यामागे होती. १९६१ मध्ये त्यावर निघालेला चित्रपट जगभर गाजला.

मॅक्लीन यांच्या गोष्टींचा साचा नीट पाहिला तर चार गोष्टी दिसतात. एक, जागा बंदिस्त असते. जहाज, बेट, किल्ला, नाहीतर बर्फातला तळ. पळून जायला वाट नाही. दोन, वेळ मोजकी असते. अमक्या वेळेच्या आत काम झाले नाही तर सगळे संपले. तीन, निसर्ग शत्रूपेक्षा क्रूर असतो. आणि चार, आपल्यातलाच कुणीतरी फितूर असतो. प्रेमप्रकरणांना त्यांच्या कथांत फारशी जागा नाही. त्यांनी गोष्टीचा वेग मंदावतो, असे त्यांचे म्हणणे. स्वतःला ते थोर साहित्यिक समजत नसत. मी गोष्ट सांगणारा आहे, एवढेच ते म्हणत.

इथवर ही यशाची गोष्ट झाली. तुम्ही विचाराल, पुढं काय झालं? खरी कहाणी इथूनच सुरू होते.

पैसा आला, तसा कराचा बोजाही आला. मॅक्लीन स्वित्झर्लंडला राहायला गेले. वर्षाला एक पुस्तक, असा रतीब सुरू झाला. मनात मात्र शंका होती. आपले लिहिणे खपते, की नुसते नाव खपते? म्हणून 'इयन स्टुअर्ट' हे टोपणनाव घेऊन त्यांनी १९६१ आणि १९६२ मध्ये दोन कादंबऱ्या काढल्या. त्याही चांगल्या खपल्या. शंका फिटायला हवी होती. पण १९६३ मध्ये त्यांनी लेखनच सोडले. लिहिण्यात मला आनंद नाही, मी पैशासाठी लिहितो, असे ते उघड म्हणत. त्यांनी इंग्लंडात हॉटेले विकत घेतली. कॉर्नवॉलच्या माळरानावरची प्रसिद्ध 'जमैका इन' ही त्यांतली एक. पण खानावळ चालवणे हे काही कादंबरी लिहिण्याइतके सोपे नाही! तो धंदा जमला नाही आणि १९६६ मध्ये ते पुन्हा टंकयंत्रासमोर येऊन बसले. रिचर्ड बर्टन या नटासाठी त्यांनी सहा आठवड्यांत एक पटकथा लिहिली, 'व्हेअर ईगल्स डेअर'. १९६७ मध्ये तिची कादंबरी आली, १९६८ मध्ये चित्रपट. तोही गाजला.

पुस्तके येत राहिली, खपत राहिली, पण त्यांतला कस उतरत गेला. दारूचे व्यसन जडले. संसार मोडला. दुसरे लग्न केले, तेही टिकले नाही. आणि याच काळात या कथेकऱ्याने एक विचित्र गोष्ट केली. तो स्वतःविषयीच कल्पित कथा सांगू लागला. मला जपान्यांनी पकडले होते, पूल उडवले म्हणून माझा छळ केला, माझे दात उपटले, असे तो सांगे. त्यांच्या मुलाने आणि जॅक वेब्स्टर या चरित्रकाराने या गोष्टी खऱ्या नसल्याचे, दारूच्या अमलातल्या असल्याचे म्हटले आहे.

मंडळी, मला या सगळ्या आयुष्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते. ज्या माणसाने उत्तर ध्रुवाजवळच्या त्या समुद्रात खरोखर रात्री काढल्या, चांगीचे कैदी पाहिले, त्याला खोट्या शौर्याची गरज का वाटावी? मला वाटते, वर्षानुवर्षे जे वीर तो कागदावर रंगवत होता, त्यांच्या शेजारी त्याला स्वतःचे साधे, खरे धैर्य थिटे वाटू लागले असावे. शेकड्यांना पुरून उरणाऱ्या नायकापुढे कुऱ्हाडीने बर्फ फोडणारा खलाशी त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांना दिसेनासा झाला. आणि गंमत अशी, की वाचकांना मात्र तो दिसत होता! आजही जाणकारांना विचारा, मॅक्लीन यांचे सर्वांत चांगले पुस्तक कोणते? बहुतेकजण पहिल्या पुस्तकाचे नाव घेतात. त्यात बर्फ खरा आहे, भीती खरी आहे, थकवा खरा आहे.

म्हणून करमणुकीच्या लेखनाला नाक मुरडावे, असे मी म्हणणार नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला दोन तास स्वतःचे दुःख विसरायला लावणे, हे काही लहान काम नव्हे. १९८३ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. एके काळी शिकता शिकता रस्ते झाडणाऱ्या माणसाचा तो गौरव योग्यच होता.

२ फेब्रुवारी १९८७ रोजी म्युनिक येथे मॅक्लीन यांचे निधन झाले. वय ६४. स्वित्झर्लंडमधल्या सेलिन्यी या लहानशा गावात, रिचर्ड बर्टन यांच्या कबरीजवळच त्यांना पुरले आहे. त्यांच्या मागे त्यांच्या कथासूत्रांवरून दुसऱ्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि मुखपृष्ठांवर त्यांचेच नाव मोठ्या अक्षरांत छापले. नाव खपते की लेखन, ही त्यांची जुनी शंका त्यांच्या मागेही उरलीच म्हणायची. पण मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १९८५ मध्ये, 'द लोनली सी' नावाचा समुद्रकथांचा एक संग्रह त्यांनी प्रसिद्ध केला होता. त्यात ती जुनी, १०० पौंडांची गोष्ट पुन्हा छापली आहे. 'डिलीअस', म्हणजे इमानी.

गुरुजींना आणि बाईंना शेवटी एकच विनंती. भूगोलाच्या तासाला युरोपचा नकाशा टांगाल, तेव्हा नॉर्वेच्या माथ्यावरून मुर्मान्स्कपर्यंत बोट फिरवा. त्या वाटेने गेलेल्या जहाजांची, त्यांवर बर्फ फोडणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांची गोष्ट सांगा. घंटा झाली तर गोष्ट तिथेच थांबवा. आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या त्या गप्प मुलाला विचारा, 'सांग बरं, पुढं काय झालं असेल?' त्याला त्याच्या घरच्या बोलीत सांगू द्या.